सहाव्याचं हसू

१

"हिंमत असेल तर बाबांच्या यादीत एक खोटा माणूस घालून दाखव," टाचणी म्हणाली, आणि मी म्हणालो, "त्यात काय." एवढंच झालं. मध्ये नाही म्हणायला थोडी जागा होती. ती मी कान खाजवण्यात घालवली.

टाचणी म्हणजे माझी मामेबहीण. तिला चांगलं नाव आहे, पण सारखी टोचते म्हणून मी टाचणी ठेवलं. माझ्याहून वर्षभरानेच मोठी. कॉलेजात जाते आणि ते कुणाला विसरू देत नाही. मी नववीत शाळा सोडली. मामा म्हणतो, सोडली नाही, शाळेनेच कोपरापासून हात जोडले.

मामाचं व्हिसाचं ऑफिस आहे. जिन्याने वर गेलं की दोन खोल्या, खाली झेरॉक्सवाला. गाजलेले देश मोठ्या एजंटांकडे असतात, जिथे लोक लग्न झाल्यावर जातात आणि एकाच मनोऱ्यापुढे उभं राहून दात दाखवतात. आमच्याकडे उरलेसुरले देश. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकले जातात असे. दारावर पाटी आहे, 'जिथे कोणी जात नाही, तिथे आम्ही पाठवतो.' टाचणीने सांगून बघितलं, "बाबा, हे वाचून गिऱ्हाईक घाबरेल." मामा म्हणाला, "घाबरणारं गिऱ्हाईक आपलं नव्हेच."

माझं काम फोटो काढायचं आणि याद्या छापायचं. मागच्या खोलीत पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. प्रत्येक देशाचं खूळ वेगळं. कुणाला दोन्ही कान दिसायला हवेत, कुणाला कपाळ मोकळं हवं, कुणाला चष्मा चालत नाही. पण हसायची परवानगी कुठलाच देश देत नाही. "तोंड मिटा, हसू नका," हे मी दिवसभर म्हणतो. माझ्यासारख्याने ते म्हणावं, हाच खरा विनोद होता.

आता यादीचं सांगतो. काही देश प्रत्येकाच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. गट जाणार असेल तर सगळ्यांची एकच यादी मागतात. एका कागदावर ओळीने फोटो, नावं, नंबर. मामा ती यादी तशीच कधी पाठवत नाही. सगळ्या गटाला ऑफिसात बोलावतो, बसवतो, आणि कागद प्रत्येकाच्या तोंडाशेजारी धरून फोटो आणि माणूस ताडून बघतो. जुळला की टिक. याला तो चेहरामेळ म्हणतो. "माझ्या नजरेतून माशी सुटत नाही," ही त्याची शेखी. पैज त्या शेखीवर होती.

"पकडलं गेलं तर मला कायम ताई म्हणायचं," टाचणी म्हणाली.

"आणि सुटलं तर?"

"तर मी तुला शहाणा म्हणेन. एकदाच."

२

गट शेठचा होता. शेठचा बर्फ करायच्या मशिनांचा धंदा. त्या देशात त्याला एक कारखाना उभा करून द्यायचा होता. सोबत त्याचा हिशेबनीस, दोन फिटर, ज्यांना मी जाड्या आणि बारक्या म्हणायचो, आणि एक वेल्डर. वेल्डर म्हणजे माझा सख्खा दादा. मामाच्याच शब्दावर शेठने त्याला घेतला होता. हा कारखाना उभा राहिला की दादाची नोकरी पक्की. आई रोज त्याची बॅग भरायची आणि रोज परत रिकामी करून भरायची.

सहावा मला हवा होता. कुणा खऱ्या माणसाचा फोटो लावला तर मामा ओळखणार. मग मी माणूस तयार केला.

मामाकडे बिस्किटांच्या डब्यात उरलेले फोटो असतात. ज्यांना व्हिसा नाकारला त्यांचे. परत अर्ज करतील म्हणून ठेवलेले. बहुतेक परत येत नाहीत. मी डबा उपडा केला आणि स्कॅन करत बसलो. कपाळ एका शिंप्याचं घेतलं. तो बटणांचा धंदा करायला निघाला होता, नमुन्यांची पिशवी घेऊन तीनदा आमच्या जिन्यावर चढला आणि तीनदा उतरला. डोळे एका म्हाताऱ्या मास्तरांचे. त्यांना धंदा नव्हता काही, मरायच्या आधी त्या देशातलं एक तळं बघायचं होतं. कधी तरी पुस्तकात पाहिलेलं. नाक ड्रायव्हरचं. कान दोन वेगवेगळ्या माणसांचे, कारण मला मजा आली.

तोंड काही जमेना. डब्यातली सगळीच तोंडं पडलेली. जसं काही नकार येणार हे फोटो काढतानाच त्यांना कळलं होतं. शेवटी मी स्टुलावर बसलो आणि स्वतःचा फोटो काढला. तोंड मिटून. पण माझं तोंड मिटलं तरी डावीकडे थोडं वर जातं. दादा म्हणतो, तू खोटं बोललास की तुझं तोंड सांगतं. ते तोंड मी त्याला चिकटवलं, कडा पुसल्या, रंग सारखा केला.

मग लांब जाऊन बघितलं. असा माणूस तुम्ही पाहिलेला असतो. बँकेत, दवाखान्यात, बसच्या थांब्यावर. कुठे ते आठवत नाही.

नाव मी मनाने लिहिलं, पासपोर्टचा नंबरही. ते नाव इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे.

३

चेहरामेळाच्या दिवशी टाचणी कॉलेजात होती. दुपारी सगळे आले. पुढच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्यांची रांग आहे, तिथे बसले. मामाने यादी उचलली. मी दारात उभा, हसू दाबत. आता मामा सहाव्या फोटोवर येणार, चष्मा कपाळावर ढकलणार आणि गर्जना करणार. मी तोंड तयार ठेवलं होतं. "मी नाही केलं." हे माझं जुनं वाक्य आहे. लहानपणी काच फुटली, शेजारच्यांच्या सायकलची हवा गेली, आईच्या चपला माळ्यावर सापडल्या, मी एवढंच म्हणायचो. आणि मग दादा म्हणायचा, "मी केलं." मार त्याला. दर वेळी. मला वाटायचं त्याला आवडतं.

"चहा सांग रे," मामा म्हणाला, मान वर न करता.

जिना उतरलो, टपरीवर गेलो, पाच पाहुणे आणि मामा असे मोजून ग्लास घेतले. वर आलो तर मामा पेनाला टोपण लावत होता. यादीवर ओळीने टिकच्या खुणा. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत.

मी चहा वाटला. मामा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत बसला, मग माझ्याकडे. "एक कमी आणलास."

"सहा आणले की."

"हे सहा, आणि मी." तो खुर्च्यांकडे हात करून म्हणाला. मी बघितलं. शेठ, हिशेबनीस, जाड्या, बारक्या, दादा. दादाच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. खुर्चीखाली रिकामा ग्लास होता. ओला.

"कोण गेलं आत्ता?" मी विचारलं.

"कोण जाणार? जिन्यात तूच होतास," मामा म्हणाला आणि यादी लिफाफ्यात घातली.

अर्धा जिना उतरेपर्यंत मला वाटत होतं की मी जिंकलो. उरलेल्या जिन्यात वाटलं की मामाने मला बनवलं. टाचणीने आधीच चुगली केली असणार, आणि बापलेक मिळून माझी फिरकी घेत असणार. लोकांना शेंड्या लावत जगणाऱ्या माणसाचा हाच वांधा असतो. त्याला सगळं जगच आपल्याला शेंडी लावतंय असं वाटतं.

४

"मी बाबांना काही सांगितलं नाही," टाचणी म्हणाली.

"खा शपथ."

"नाही खाणार. तू काढलास का तो माणूस यादीतून?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती, पण ती तशीही कमी हसते. मी म्हणालो, "काढला." यादी तेव्हा लिफाफ्यातून गेलेली होती.

मंजूर होऊन कागद परत आला तेव्हा मामाने पेढे मिळाल्यासारखा तो सगळ्यांना दाखवला. सहाच्या सहा फोटोंवर त्या देशाचा निळा शिक्का. मला हसू यायला हवं होतं. मामाने दादाला बसवून नियम समजावला, दरवेळी समजावतो तसा.

"हा कागद म्हणजे एक दोरी समज. यात जितके बांधलेत तितके एकत्र आत जाणार आणि एकत्रच बाहेर येणार. एकाचं पोट दुखलं म्हणून तो आधी परत आला, असं चालत नाही. दोरी सोडायची तर सगळ्यांनी मिळून सोडायची."

"आणि एखादा हरवला तर?" मी विचारलं.

"तुझ्यासारखा कुणी असेल तर हरवेल. तू जात नाहीयेस."

सगळे हसले. दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली.

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर यादी रद्द झाली असती, नवी करावी लागली असती, शेठ थांबला नसता, दादाच्या जागी दुसरा वेल्डर गेला असता. घरी बॅग भरून तयार होती आणि आईने तिच्यावर कापडाचा तुकडा शिवून त्याचं नाव लावलं होतं. मी स्वतःला समजावलं, सहावा माणूसच नाही तर तो हरवेल कसा. तिकडचे लोक कंटाळून पाचवर सही करतील. बाकी देशांचं माहीत नाही, पण कंटाळा सगळीकडे असतो.

५

दादाचा पहिला फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो.

"पोचलो. थंडी आहे. शेठ आत्ताच बिलावरून भांडून आलाय. अरे, मामाने माणूस पाठवलाय हे सांगितलं का नाही आधी?"

"कुठला माणूस?"

"तोच तो, शेवटचा. विमानात काही दिसला नाही. उतरून काउंटरपाशी रांग लावली तर आमच्या मागे उभा. साहेबाने यादी घेतली, एकेकाकडे बघितलं, सहा शिक्के मारले. आम्ही पाचजण एकमेकांकडे बघतोय. शेठ म्हणाला, एजंटचा माणूस असेल, कागदपत्रं बघायला."

आई विचारत होती, काय म्हणतोय, जेवला का. मी हात वर करून तिला गप्प केलं.

"खोल्या दोघादोघांच्या," दादा सांगत होता. "मी एकटाच उरलो होतो, तर तो माझ्या खोलीत. बरंच झालं, सोबत आहे."

"बोलतो काय?"

"बोलत नाही. भाषा कळत नसेल. बसून असतो." मग दादा हसला. "एक मात्र आहे. हसतो अगदी तुझ्यासारखा. चोरट्यासारखा."

मी फोन आईकडे दिला आणि हात धुवायला गेलो. नळ सोडून उभा राहिलो. दादासुद्धा सामील आहे, असं मी ठरवलं. टाचणीने दादाला फोटो दाखवला असेल. तोंड माझं आहे हे कुणीही ओळखेल. सगळे मिळून मला धडा शिकवतायत. चांगलं आहे, शिकवा. आरशात बघायचं मी टाळलं.

६

पुढच्या वेळी मी दुपारी ऑफिसातून व्हिडिओ लावला. मामा बाहेर गेला होता. दादा कामावरून नुकताच आलेला, कपाळावर वेल्डिंगच्या चष्म्याचा वळ. मागे खोली दिसत होती. दोन पलंग, पांढरी भिंत, खिडकी. दुसऱ्या पलंगावरची चादर विस्कटलेली.

"कुठे आहे तुझा सोबती?" मी म्हणालो. थट्टेच्या सुरात. सूर जरा घसरला.

"तिकडे, खिडकीत. दिवसभर तिथेच." दादाने आवाज खाली आणला. "विचित्र माणूस आहे रे. खिडकीतून तळं दिसतं. ते बघत बसतो. डोळ्याचं पातं लवत नाही. काल मी उठून बघितलं तर डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि खाली तोंड हसत होतं. दोन्ही एकदम."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आणि दुसरी खोड म्हणजे बटणं चाचपतो. माझ्या शर्टाची, शेठच्या कोटाची. बोटाने फिरवून बघतो आणि मान हलवतो, माल बरा नाही अशी. जाड्या आता लांबच बसतो त्याच्यापासून."

डब्यातून मी कुणाकुणाला उचललं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. टाचणीला नाही. मामाला तर नाहीच. फोटो मी परत डब्यात टाकले होते आणि वर बिस्किटांचा कागद. फिरकी घेणाऱ्याला फिरकीचा माल लागतो. हा माल माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता.

"दादा," मी म्हणालो, "फोन तिकडे फिरव."

त्याने फिरवला. नेट अडखळत होतं. चित्राचे तुकडे पडले आणि जुळले. खिडकीची चौकट, बाहेर राखाडी पाणी. चौकटीला एक खांदा आणि एक कान. तो कान वळायला लागला, आपल्याला कुणी हाक मारल्यावर वळतो तसा, आणि मी फोन बंद केला. मीच. बोट आपोआप गेलं.

मग मागच्या खोलीत गेलो. पडदा, स्टूल, दिवे. दिवा लावून बघितलं, पुन्हा बंद केला. स्टुलावर हात ठेवला तर सीट कोमट लागली. दुपारचं ऊन तिथे येतं. येतं तिथे ऊन. मी ते दोनदा मोठ्याने म्हणालो.

७

चौघे परत आले. शेठ, हिशेबनीस, जाड्या, बारक्या. विमानतळावरून शेठ थेट ऑफिसात आला, बॅगेसकट, आणि मामाच्या टेबलापुढे उभा राहून घसा ताणायला लागला.

"एजंटसाहेब, माणूस पाठवायचा होता तर सांगून पाठवायचा होता."

"मी कुठला माणूस पाठवला? तुमच्याच गटातला सहावा," मामा म्हणाला. "मी स्वतः टिक केलीय. त्या खुर्चीत बसला होता, तुमच्या वेल्डरच्या बाजूला."

आई तिथेच होती. दादाला घ्यायला विमानतळावर गेली होती आणि शेठच्या मागे तशीच रिकाम्या हाताने जिना चढून आली होती. ती म्हणाली, "माझा मुलगा कुठे आहे एवढं सांगा."

शेठ जरा नरमला. "ताई, तो ठणठणीत आहे. निघताना काउंटरवर साहेबाने मोजलं. यादीत सहा, रांगेत पाच. तो सहावा दारापर्यंत आमच्या गाडीत होता, मी डोळ्याने बघितलंय. आत आलो तर नाही. साहेब म्हणाला, सहाच्या सहा निघाल्याशिवाय एकही निघणार नाही. मग म्हणाला, हा ज्याचा माणूस असेल त्याने मागे थांबावं, शोधून आणावं, दोघांनी मिळून निघावं. बाकीच्यांना सोडतो. मी म्हणालो, माझा नाही. फिटर म्हणाले, आमचा नाही."

"मग?"

"तुमचा मुलगा म्हणाला, माझा आहे. माझा भाऊ."



"आता भाऊच आहे तर आधी सांगायचं," शेठ पुढे बोलत होता. "आम्हाला शंका होतीच म्हणा. हसणं अगदी..." आणि बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर आली. त्याने वाक्य तिथेच सोडलं. बॅग उचलली, कोटाच्या बटणांवरून हात फिरवला आणि जिना उतरला.

८

मामाने तिकडच्या कचेरीला फोन लावला. दोनतीन दिवस लावतच होता. टाचणी शेजारी बसून त्यांचं इंग्रजी समजून घेत होती, कारण तिकडचं इंग्रजी मामाला कळत नाही आणि मामाचं तिकडे.

शेवटी तोडगा निघाला. सोपा होता. दादाने काउंटरवर जाऊन एवढंच सांगायचं, हा माझा माणूस नाही, माझा याच्याशी संबंध नाही. मग ते यादीतली ती ओळ खोडणार आणि दादाला सोडणार. तो सहावा त्यांचा, त्याचं ते बघतील.

मामाने दादाला सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"असं कसं सोडू, मामा? विमानतळावर हरवला म्हणून मी खोलीवर परत आलो तर तो पलंगावर बसलेला. मी आलो तसा हसला. त्याचं कुणी दिसत नाही रे. आणि त्याच्याकडे बघितलं की मला आपला..." तो थांबला. "राहू दे. मी येतो त्याला घेऊनच. समजावतो त्याला."

फोन ठेवल्यावर मामा म्हणाला, "हा आहे तरी कोण? मी पाहिलाय त्याला. चेहरा ताडलाय. कपाळ बघितलं, डोळे बघितले, ओळखीचे वाटले, म्हणून टिक केली. आता डोळे मिटले की त्यातलं एकही आठवत नाही." त्याने माझ्याकडे मान वळवली. "यादी तू छापलीस ना? तुला काही माहितीय?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. "मी नाही."

खरं सांगतो, विचार करून नाही म्हणालो. जीभ आधी गेली. ते वाक्य इतक्या वर्षांत इतकं गुळगुळीत झालंय की तोंडातून आपलं आपण घरंगळतं.

टाचणीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. "तू काढला होतास ना," ती हळू म्हणाली. "तू म्हणालास, काढला."

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. सहावा बसला होता म्हणे, त्याच खुर्चीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. लहानपणी दादाला मारून झालं की ती अशीच बसायची. तेव्हा मला वाटायचं दमलीय. तिला माहीत होतं की काय, आपण चुकीच्या मुलाला मारतोय ते?

"तू सांगतोस की मी सांगू?" टाचणी म्हणाली.

"ताई," मी म्हणालो. "मला सांगू दे. पण दादाला सांगायचंय."

ती मला टोमणा मारेल असं वाटलं. तिने फक्त फोन पुढे सरकवला.

९

व्हिडिओ लागला. दादाने दाढी केली नव्हती. पण हसला, आम्हाला सगळ्यांना एका चौकटीत बघून. मागे पांढरी भिंत. आमच्या पडद्यासारखीच सपाट आणि पांढरी. भिंतीपुढे पलंगावर कुणीतरी बसलं होतं, गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ. मी लोकांना स्टुलावर बसवतो तसं. नाकापासून वरचं सगळं चौकटीच्या बाहेर गेलं होतं. दिसत होती ती हनुवटी आणि तोंड.

मिटलेलं. डावीकडे थोडं वर.

"बोल," दादा म्हणाला. "आई रडतेय का? रडू नको म्हणावं. येतो मी. हा ऐकेल माझं, थोडा वेळ लागेल."

"दादा, तो तुझा भाऊ नाही."

"माहीत आहे रे. म्हणालो आपला. कुणीतरी म्हणायला हवं होतं."

कुणीतरी म्हणायला हवं होतं. दर वेळी तो हेच करायचा आणि मी दाराआड उभा राहून वेताचे आवाज मोजायचो आणि हसू दाबायचो. हेच तोंड करून.

"दादा, ऐक. तो माणूस नाहीये. नकार आलेल्या लोकांचे फोटो असतात ना मामाकडे, डब्यात, त्यातून तुकडे घेतले आणि जोडले. पैज होती. टाचणीची नाही, माझीच चूक. तोंड माझं लावलं. मामा रागावेल म्हणून बोललो नाही, मग तुझी नोकरी जाईल म्हणून बोललो नाही, मग नुसतंच बोललो नाही." मामा माझ्या मागे उठून उभा राहिला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "उद्या काउंटरवर जा आणि सांग, हा माझा नाही. तू काही केलेलं नाहीस. कधीच केलं नव्हतंस. मी केलं."

दादाचं हसू गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मी खरंच बोलतोय का हे ताडत असल्यासारखा. माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ते सरळ ठेवायचा प्रयत्न करत होतो आणि ते राहतंय की नाही हे मला कळत नव्हतं.

तेव्हा त्याच्या मागे ते तोंड उघडलं. इतके दिवस मिटलेलं होतं. ओठ सावकाश सुटले, डिंक लावलेला कागद सुटतो तसे. आणि मी लहानपणापासून रोज ऐकलेला आवाज, माझा, अगदी माझा, फोनमधून आला.

"मी नाही केलं."

दादा झटकन मागे वळला. मग परत माझ्याकडे. मग परत मागे. आई माझ्या शेजारी उठून उभी होती आणि तीही आधी फोनकडे बघत होती, मग माझ्याकडे.

त्या वाक्यावर या घराने आजवर नेहमी विश्वास ठेवला होता. मीच ठेवायला लावला होता.

"दादा, इकडे बघ," मी म्हणालो. "माझ्याकडे बघ. मी केलं. काच मी फोडली होती. हवा मी सोडली होती. चपला मी टाकल्या होत्या. तो सहावाही मीच केला. मी केलं, दादा. मी केलं."